चौथं पाकीट

पत्र थोडक्यात असं आहे:

"काका, मी २७ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी मोठी बाईक घेतली. गेल्या १४ महिन्यांत वेगाची चार चलानं आली. पहिली दोन लगेच भरली. तिसरं आलं तेव्हा पैशांची ओढाताण होती म्हणून कपाटात ठेवलं, ते तसंच राहिलं. परवा चौथं आलं. पाठोपाठ तिसऱ्या चलानाच्या सुनावणीला मी हजर नव्हतो असं पत्रही आलं. माझं काम फिरतीचं, मशिनं दुरुस्त करायला ग्राहकांकडे जावं लागतं. कंपनी दरवर्षी लायसन्स तपासते आणि ती तपासणी पुढच्या महिन्यात आहे. धाकटा भाऊ म्हणतो, चौथ्या वेळी गाडी मी चालवत होतो असं लिहून देतो. मित्र म्हणतात, पैसे भर आणि विसर. शेवटच्या वेळी माझ्या मीटरवर ८८ होते, चलानावर ९१ आहेत, मर्यादा ८० ची. मागच्या वर्षी पुढचा स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) १४ चा काढून १५ दातांचा बसवला, त्याने काही फरक पडतो का? मीटर चुकतो म्हणून लढता येईल का? बायकोला अजून सांगितलेलं नाही. गाडीच विकून टाकू का? — चौथ्या पाकिटाचा धनी"

मित्रा,

तू मला काका म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहितो. तू पाच-सहा प्रश्न विचारलेस. त्यातला एक असा आहे की त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना काही अर्थ उरणार नाही, म्हणून आधी तो घेतो.

भावाला काहीही लिहून देऊ देऊ नकोस. त्याने फॉर्म भरून ठेवला असेल तर तो आजच फाड. भाऊ प्रेमापोटी म्हणतोय हे मला समजतं, आणि असं म्हणणारा भाऊ असणं ही मोठी गोष्ट आहे. पण या क्षणी तुझ्या नावावर फक्त वेगाचे गुन्हे आहेत. त्याने ती सही केली की तुम्हा दोघांच्याही नावावर खोटं निवेदन करून न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा येऊ शकतो. त्याची जात वेगळी. तो दंड भरून मिटत नाही.

ब्रिटनमध्ये ख्रिस ह्यून नावाचे मंत्री होते. २००३ मध्ये त्यांची गाडी मोटरवेवरच्या कॅमेऱ्यात सापडली. लायसन्सवर तीन दंडगुण लागणार होते (ते ठरावीक संख्येपुढे साठले की लायसन्स जातं) आणि त्यांचं लायसन्स आधीच काठावर होतं. ते गुण पत्नीने, अर्थतज्ज्ञ विकी प्राइस यांनी, आपल्या नावावर घेतले. काही वर्षांनी दोघांचं लग्न मोडलं आणि गोष्ट बाहेर आली. २०१२ च्या फेब्रुवारीत ह्यून यांना मंत्रिपद सोडावं लागलं, पुढच्या वर्षी खासदारकी गेली, आणि २०१३ च्या मार्चमध्ये न्यायालयाने दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद सुनावली. मूळ गुन्हा काय, तर कॅमेऱ्यात टिपलेला वेग. आणि ज्या लायसन्ससाठी हे सगळं केलं, ते २००३ मध्येच गाडी चालवताना मोबाइल वापरल्यामुळे तसंही गेलं.

तुझा भाऊ धाकटा आहे. त्याचं लायसन्स कोरं असेल, नोकरी नुकती लागली असेल किंवा लागायची असेल. चौथ्या चलानाचा फोटो मागून काढलेला असला तरी हेल्मेट, जॅकेट, बॅग दिसते. त्या वेळी तो स्वतः कुठे होता, त्याचा फोन कुठे होता, हे कोणी विचारलं तर काय सांगणार?

आता मित्रांचं म्हणणं. "पैसे भर आणि विसर." पहिल्या दोन वेळा तू तेच केलंस, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. वेळेत भरलेस, चांगलं केलंस. पण भरलेल्या चलानाचं पुढे काय होतं हे तुला कोणी सांगितलं नाही. बहुतेक ठिकाणी दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पैसे खात्यातून गेले की तुझ्या लेखी विषय संपला, त्यांच्या लेखी तिथून सुरू झाला. तुझ्या लायसन्सवर नोंद पडली आणि पुढचं चलान आलं की ते कोऱ्या कागदावर येत नाही, त्या नोंदीवर येऊन बसतं. म्हणून वेग तेवढाच असला तरी चौथं चलान पहिल्यापेक्षा कितीतरी जड असतं.

देशोदेशी याचा हिशोब वेगवेगळा आहे, पण चाल एकच. ब्रिटनमध्ये वेगाच्या साध्या गुन्ह्याला किमान ३ गुण लागतात, ते लायसन्सवर ४ वर्षं दिसत राहतात, आणि ३ वर्षांत १२ गुण झाले की न्यायालय साधारणपणे किमान ६ महिने लायसन्स काढून घेतं. म्हणजे तीन-तीनचे चार, तुझाच आकडा. नव्या चालकाला तर तेवढीही सवलत नाही. परीक्षा पास झाल्यापासून २ वर्षांच्या आत ६ गुण झाले की लायसन्स रद्द, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात आणि लेखी व प्रत्यक्ष चालवण्याची, दोन्ही परीक्षा पुन्हा. जर्मनीत ८ गुणांवर लायसन्स जातं. फ्रान्समध्ये उलटी मोजणी: पूर्ण लायसन्सवर १२ गुण शिल्लक असतात आणि प्रत्येक गुन्ह्याला त्यातून कापले जातात. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये दुसऱ्या आणि त्यापुढच्या वेळी लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. फिनलंडमध्ये ठरावीक मर्यादेपुढे दंडच उत्पन्नाच्या प्रमाणात लागतो. नोकियाचे एक बडे अधिकारी आन्सी वान्योकी हेलसिंकीत ५० च्या रस्त्यावर आपली हार्ले डेव्हिडसन ७५ ने चालवताना सापडले, आणि २००२ मध्ये त्यांना १,१६,००० युरो दंड झाला. पुढे अपिलात तो बराच कमी झाला, पण ५० च्या रस्त्यावर ७५ हा आकडा बघ. आपल्याला तो वेग वाटतसुद्धा नाही. मोठ्या बाईकवर दुसऱ्या गिअरमध्ये मूठ जराशी पिळली की तो येतो.

तुझं खरं संकट चौथं चलान नाही, तिसरं आहे. कपाटातलं.

यावर मी थोडा थांबतो, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. मी २९ वर्षांचा होतो. दोन चलानं आली होती, एक भरलं, दुसरं "पुढच्या पगाराला" म्हणून ठेवलं. मध्ये घर बदललं. लायसन्सवरचा आणि गाडीच्या कागदांवरचा पत्ता बदलायचा राहिला. एका संध्याकाळी साध्या नाकाबंदीत थांबवलं. मी हळू चाललो होतो, हेल्मेट होतं, कागद होते, काही चिंताच नव्हती. त्या माणसाने माझा नंबर मशीनमध्ये टाकला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तुमचं लायसन्स निलंबित आहे, माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. तीन पत्रं जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेली होती. शेवटच्या सात आठवड्यांत मी रोज कामाला बाईकने गेलो होतो, म्हणजे रोज लायसन्सशिवाय गेलो होतो. गाडी तिथेच लावून घेतली. हातात हेल्मेट घेऊन मी बस थांब्यापर्यंत चालत गेलो, आणि बसमध्ये लोक हेल्मेटकडे बघत होते तेव्हा काय वाटलं ते मला आजही आठवतं. पण त्याहून मोठी भीती नंतर बसली. त्या सात आठवड्यांत माझ्याकडून कोणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते, आणि समोरच्याच्या औषधपाण्याचा सगळा खर्च माझ्या डोक्यावर आला असता. आयुष्यभर फेडत बसलो असतो.

तू सुनावणी चुकवली आहेस. त्यामुळे तुझं लायसन्स आज चालू आहे की नाही हे तुला ठाऊक नाही. ते ठाऊक होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. कामाला जायचं असेल तर बस, रिक्षा, सहकाऱ्याच्या मागे बसून, कसंही जा. चार दिवसांची गैरसोय होईल, होऊ दे. निलंबित लायसन्सवर सापडलास तर आतापर्यंतची चारही चलानं त्यापुढे किरकोळ ठरतील.

उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. चारही चलानांचे कागद टेबलावर काढ, भरलेल्या दोघांच्या पावत्यांसह. प्रत्येकावर तारीख, वेळ, जागा, नोंदलेला वेग, मर्यादा आणि मुदत कुठे आहे ते शोधून एका कागदावर उतरव. मग लायसन्सची सद्यस्थिती अधिकृत संकेतस्थळावर किंवा कार्यालयात जाऊन तपास आणि तिची प्रत घे. त्यानंतर तिसऱ्या चलानावर जे न्यायालय आहे तिथल्या कचेरीत स्वतः जा. फोन करून भागवू नकोस. "तारीख चुकली, नवीन तारीख हवी आहे, काय अर्ज करावा लागेल?" एवढंच विचार. कारणं रचू नकोस. पैशांची ओढाताण होती हे खरं कारण आहे, आणि अनेक ठिकाणी दंड हप्त्याने भरायची सोयही असते, पण ती मागणाऱ्याला मिळते. आपणहून आलेल्या माणसाशी आणि पकडून आणलेल्या माणसाशी न्यायालय सारखं वागत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

चौथं चलान मात्र लगेच भरून टाकू नकोस. मुदत पाळायची, पण त्या मुदतीत आधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, फोटोतला नंबर तुझाच आहे का आणि गाडी तुझीच दिसते का. एखादं अक्षर चुकीचं वाचलं जातं, मातीने झाकलेला आकडा भलताच लागतो. दुसरी, त्या जागी मर्यादा खरंच ८० होती का आणि तसा फलक होता का. तिसरी, दंडाऐवजी प्रशिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे का. ब्रिटनमध्ये थोडक्या फरकाने मर्यादा ओलांडणाऱ्याला असा वर्ग करता येतो आणि मग गुण लागत नाहीत, पण तो ३ वर्षांतून एकदाच मिळतो. असा पर्याय तुझ्या कागदावर असेल तर तो बारीक अक्षरात असेल आणि त्याची मुदत दंडाच्या मुदतीपेक्षा कमी असेल. पैसे एकदा भरले की ती वाट बंद.

वकिलाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. एका चलानासाठी वकील करणं मला पटत नाही. पण चौथं चलान, चुकलेली सुनावणी आणि लायसन्सवर अवलंबून असलेली नोकरी, हे तिन्ही एकत्र आलं आहे. वाहतुकीचे खटले नेहमी चालवणाऱ्या वकिलाला एकदा तासभर भेट, तो उतरवलेला कागद घेऊन. "सगळं मिटवून देतो" म्हणणाऱ्याकडून उठून ये.

आता मीटर. हा भाग मला आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाहनांच्या स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे. तो बऱ्याच देशांत पाळला जातो. त्याचा गाभा असा, की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, ठरावीक मर्यादेपर्यंत. म्हणून कंपनीतून आलेली बाईक सहसा थोडा जास्तच वेग सांगते. तुझ्या मीटरने ८८ दाखवले आणि खरा वेग ९१ निघाला, म्हणजे तुझा मीटर उलट्या बाजूने चुकतोय. तू स्प्रॉकेटचं सांगितलं नसतंस तर मी कॅमेऱ्यावर शंका घेतली असती.

कित्येक बाईकमध्ये वेगाचा सेन्सर चाकावर नसतो, गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर असतो, जिथे पुढचा स्प्रॉकेट बसतो. शाफ्टचे फेरे मोजून त्यावरून चाकाचे फेरे धरले जातात, आणि ते गणित १४ दातांचं असतं. तू १५ चा बसवलास. आता शाफ्ट तेवढाच फिरला तरी चेन एक दात जास्त ओढते आणि चाक जवळपास ७ टक्के जास्त फिरतं. मीटरला याचा पत्ता नाही. जुन्या स्प्रॉकेटवर ८८ दिसत असताना तुझा खरा वेग ८५ च्या आसपास असणार. त्यात हे ७ टक्के मिळव. ९१ येतात. कॅमेरा बरोबर होता.

काही गाड्यांत, विशेषतः एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या, वेग थेट चाकावरून घेतला जातो, तिथे स्प्रॉकेट बदलून काही बिघडत नाही. तुझी कुठली ते मेकॅनिककडून खात्री करून घे. लायसन्स चालू असल्याचं कळल्यावर रिकाम्या सरळ रस्त्यावर मित्राला त्याच्या गाडीने बरोबर घे, वेग स्थिर ठेव, त्याच्या फोनवर जीपीएसने वेगाची नोंद होऊ दे आणि थांबल्यावर ताडून बघा. चालवताना फोनकडे बघायचं नाही.

पण यावर लढता येईल का? नाही. स्प्रॉकेट तू बदललास, आणि तुझ्याच मीटरवर ८८ होते. तेही ८० च्या वरच आहेत. न्यायालयात हे सांगायला उभा राहिलास तर मर्यादा जाणूनबुजून ओलांडल्याची कबुली होईल. स्प्रॉकेट परत १४ चा बसव आणि त्याची पावती ठेव. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना ती पावती दाखवता आली तर थोडाफार उपयोग होईल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण चौथ्या चलानानंतर मनात येते म्हणून लिहितो. बाईकला नंबर मागेच असतो, तर ती प्लेट वाकवली, वर उचलली, चिखलाने झाकली तर? कोणीतरी मित्र सुचवेलच. तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात हेतू उघड दिसतो. वेगाच्या चलानात "लक्ष नव्हतं" असं म्हणता येतं. वाकवलेल्या प्लेटला काय म्हणणार?

विमा आणि कंपनी. विमा नूतनीकरणाच्या वेळी मागच्या काही वर्षांतले गुन्हे विचारले असतील तर खरं लिही. हप्ता वाढेल, बाईकस्वाराचा तो आधीच चढा असतो, त्यामुळे टोचेल. लपवलंस तर त्या दिवशी काहीच होणार नाही. होईल ते क्लेमच्या दिवशी, जेव्हा कंपनी तुझं रेकॉर्ड काढेल. कामाच्या ठिकाणीही तपासणीची वाट बघू नकोस. न्यायालयाकडून नवीन तारीख मिळाली की वरिष्ठांना स्वतः जाऊन सांग: इतकी चलानं आहेत, हे केलं आहे, ही तारीख मिळाली आहे. हातात कागद ठेव. लायसन्स काही महिने गेलंच तर तेवढा काळ वर्कशॉपमध्ये काम मिळेल का, हेही तूच विचार. तपासणीत सापडलेल्या माणसासाठी असा विचार करायला कोणाला वेळ नसतो.

इथवर कागदांचं झालं. आता मला तुझ्या चार तारखांबद्दल बोलायचं आहे. पत्राच्या शेवटी तू त्या वेळेसकट लिहिल्या आहेस, त्याबद्दल आभार, कारण त्या मी कॅलेंडरवर मांडून पाहिल्या. एक चलान सोमवारी सकाळी कामाला जातानाचं. उरलेली तिन्ही रविवारची, सकाळी ११ ते दुपारी १ च्या दरम्यानची. तू मित्रांच्या गटाबरोबर पहाटे निघतोस आणि ही तिन्ही परतीच्या वाटेवरची आहेत, असंच ना?

हा ओळखीचा प्रकार आहे. दोन तास मोकळ्या हायवेवर चालवलं की मेंदूला तो वेग सवयीचा होतो. तिथून उतरून ८० च्या किंवा ५० च्या रस्त्याला लागलास की गाडी रांगतेय असं वाटतं, आणि हात आपोआप मूठ पिळतो. चांगलं हेल्मेट वाऱ्याचा आवाज अडवतं, १५ चा स्प्रॉकेट इंजिनचा आवाज खाली आणतो. वेग सांगणाऱ्या दोन्ही खुणा तू स्वतःच काढून टाकल्या आहेस. वर गट. पुढचे दोघे सिग्नलमधून निसटले, तू मागे राहिलास, आणि त्यांना गाठायचंय. गटात शेवटी चालणारा माणूस नेहमी पुढच्यापेक्षा जोरात चालवतो, ही गोष्ट पुढच्याच्या लक्षातही येत नाही. पुढच्या रविवारी, म्हणजे लायसन्स मोकळं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, निघण्याआधी गटाला सांग: मी मागे राहिलो तर अमुक वळणावर थांबा, मी गाठायला येणार नाही. आणि हायवेवरून उतरल्यावर पहिली पाच-सात मिनिटं अंदाजावर विश्वास ठेवू नकोस, मीटरवर ठेव. एक गिअर खाली चालव. इंजिन ओरडलं की हात आपोआप सैल होतो, आणि मूठ सोडली की गाडी लगेच आवरते.

सोमवारचं चलान कामाला उशीर झाल्याचं असणार. तुझं अंतर २२ किलोमीटरचं. सलग ६० ने गेलास तर २२ मिनिटं. सलग ७५ ने गेलास तर साडेसतरा. साडेचार मिनिटं वाचली, तीही वाटेत एकही सिग्नल, एकही वळण नसेल तर. प्रत्यक्षात दोन मिनिटंसुद्धा हाताला लागत नाहीत.

मी नव्या चालकांना मोकळ्या मैदानावर शिकवतो. तिथे खडूने तीन रेषा आखतो. पहिल्या रेषेवर मी हात खाली करतो, तेव्हा ब्रेक मारायचा. पन्नासने येणारा मुलगा हात दिसून ब्रेक दाबेपर्यंत १४ मीटर पुढे आलेला असतो, आणि कोरड्या जमिनीवर नीट ब्रेक मारला तर आणखी १४ मीटरमध्ये थांबतो. २८ मीटरवर मी दुसरी रेषा आखलेली असते. सत्तरने आलेला थांबतो ४७ मीटरच्या आसपास, ती तिसरी. हे सगळे बघतात आणि माना डोलावतात. मग मी त्यांना दुसऱ्या रेषेवर उभं करतो आणि विचारतो, पन्नासवाला जिथे थांबला, तिथून सत्तरवाला किती वेगाने गेला असेल? कोणी म्हणतं २०, कोणी ३०. बरोबर उत्तर आहे ५८. ब्रेक पूर्ण दाबलेले असताना ५८. पन्नासवाल्याने ब्रेक दाबायला सुरुवात केली तेव्हा त्याचा जेवढा वेग होता, त्याहून जास्त. त्या रेषेवर रस्ता ओलांडणारी बाई असती तर एकाने तिच्यासमोर गाडी थांबवली असती आणि दुसऱ्याने तिला ५८ ने उडवलं असतं. हे ऐकल्यावर मैदानावर थोडा वेळ कोणी बोलत नाही.

म्हणून मी चलान देणाऱ्यांवर रागावत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. कारमधल्या माणसाभोवती पत्रा असतो, एअरबॅग असते. तुझ्याभोवती एक जॅकेट आहे.

वेगाच्या कॅमेऱ्यामागचा माणूसही आपल्यातलाच होता. मॉरिस गात्सोनिडिस हे डच रॅलीपटू, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेले. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे मोजून आपण आणखी जोरात जाऊ शकतो का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी बनवलेल्या यंत्रातून पुढे गात्सो कॅमेरे आले. त्या माणसालाही आपल्या अंदाजावर भरवसा नव्हता, त्याला आकडा हवा होता.

गाडी विकू का, असं विचारलंस. आत्ता नको. घाबरून विकलेली गाडी वर्षभरात पुन्हा दारात येते, आणि आधीच्यापेक्षा मोठी येते. शिवाय न भरलेली चलानं असताना कित्येक ठिकाणी नाव बदलूनच मिळत नाही. प्रकरण मिटू दे. त्यानंतर सहा महिने एकही चलान न येता चालवता आली तर ठेव. पाचवं आलं तर मीच तुला सांगेन की वीक.

आणि बायकोला आज सांग. हे मी घरगुती सल्ला म्हणून म्हणत नाही. तुझ्या पत्त्यावर पुढची पत्रं येतील तेव्हा तू कामावर असशील आणि दार ती उघडेल. तिला माहीत असलं तर ती पत्रं कपाटात जाणार नाहीत. टेबलावर चारही कागद मांडशील तेव्हा तिला शेजारी बसव आणि तारखा तिला लिहू दे. ती रागावेल. रागावू दे, तिचा हक्क आहे. रविवारी एकच्या पुढे तू घरी पोचेपर्यंत ती दाराकडे बघत बसते की नाही, हे तिला विचार. माझ्या घरी ही गोष्ट मला वीस वर्षांनी कळली.

लायसन्सची स्थिती काय निघाली आणि सुनावणीची नवी तारीख कोणती लागली, ते मला कळव. सेन्सर शाफ्टवर निघाला की चाकावर, तेही त्याच पत्रात लिही.

तुझा,
काका